चाळीतला कोड

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर माझा कोड होता. वाचता वाचता सर थांबले. म्हणाले, “तू फुलपाड्याची ना? चाळीत राहतेस?”

“हो.”

“तरीच. सगळे व्हेरिएबल बाहेर काढून ठेवलेत. बादल्या, चपला, सायकली, सगळं पॅसेजमध्ये. ज्याला हवं त्याने उचला!”

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.

माझं कॉलेज अर्धवट. आचोळ्यातल्या दुकानदारांशी घासाघीस करत, त्यांच्या वेबसाइट बनवत शिकले. वसईतलं हे ऑफिस म्हणजे पहिली नोकरी, तीही प्रोबेशनवर. कायम करायचं की नाही, ते सरांच्या हातात. म्हणून हसले.

आणि कोडबद्दल सर बरोबर होते. तेच जास्त झोंबलं. व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायचा डबा, फंक्शन म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा. बिलाची बेरीज ज्या व्हेरिएबलमध्ये राहते, ते मी सगळ्या फंक्शनच्या बाहेर ठेवलं होतं. सवलतीचं फंक्शन त्यात आपला आकडा टाकायचं, डिलिव्हरीचं आपला. गिऱ्हाइकाला भलतीच रक्कम दिसायची.

दुरुस्तीला बसले. एकेक व्हेरिएबल उचललं, जिथे लागतं त्या फंक्शनच्या आत नेलं. बदलायचं नाही ते कॉन्स्ट, बदलायचं ते लेट. लूपच्या प्रत्येक फेरीत वेबसाइटच्या पानावरचा तोच रकाना पुन्हा शोधला जात होता. लूपआधी एकदाच शोधून हाताशी ठेवला. आकडे मिसळायचे थांबले. पान झटकन चालायला लागलं. कोड वाचायलाही सोपा झाला.

ते पान दाखवायला क्लायंटला बोलावलं होतं. सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हिचा कोड मी चाळीतून फ्लॅटमध्ये आणला. आता हिला आणायचं बाकी आहे.”

पुन्हा हशा. या वेळी मी हसले नाही.

“सर, व्हेरिएबल बाहेर ठेवणं ही माझी चूक होती. ती सुधारली. चाळीत राहणं ही चूक नाही. पुन्हा माझं घर काढायचं नाही.”

आवाज चढला होता. चढू दिला.

बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “कशाला गं भडकतेस? मस्करी करतात ते. सोड ना.”

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “क्लायंटसमोर माझी इज्जत काढलीस. सॉरी म्हण, उद्या कायमचं लेटर देतो.”

सौदा मला कळतो. समोरच्याने निम्मा भाव सांगितला तरी मी उठत नाही, चहा पिऊन पुन्हा आपला आकडा बोलते. पण इथे विकायला काय मागितलं होतं, तेही कळलं.

“याला भाव नाही, सर. लेटर राहू द्या.”

नोकरी गेली. आता पुन्हा तीच दुकानं, तीच घासाघीस. थकायला होतं. भांडायचाही कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. कुणी माझ्या कोडमधली चूक दाखवली, तर मुकाट ऐकते, दुरुस्त करते. पण पत्ता विचारून कुणी हसायला लागला, तर काम अर्धं असो की पुरं, लॅपटॉप मिटते आणि निघते.