तांदळाच्या पोत्यापाशी बाद

माझ्या बायकोला मी बाद दिलं. नऊ वर्षं ही गोष्ट सांगायची टाळत आलो. आता सत्तरी उलटल्यावर खरं काय ते लिहून टाकतो. निर्णय बरोबर होता! (हे आधीच सांगून ठेवतो.)

शारजाच्या एका बागेत आमच्या मराठी कुटुंबांची सॉफ्टबॉलची मॅच होती, शारजा विरुद्ध अबुधाबी. बायको शारजाकडून खेळणार होती, आणि कॉलेजात खेळलो होतो म्हणून अंपायर मी. "नवराच अंपायर! मग काय, जिंकली शारजा," असं अबुधाबीकडून खेळणारे आमचे व्याही वसंतराव नाणेफेकीलाच बोलले. ते मला लागलं.

शेवटचा डाव, बरोबरी, दोन गडी बाद. महिनाभर रोज सकाळी सराव केलेल्या आमच्या हिने चेंडू असा हाणला, की थेट कुंपणापाशी! बासष्टाव्या वर्षी ही धावत सगळे बेस फिरून होमवर, म्हणजे निघाली तिथंच, परत आली; विजयाची धाव! शारजावाले नाचायला लागले. पण मी पाहिलं होतं. दुसऱ्या बेसला तिचा पाय लागलाच नाही. ती चक्क वळसा घालून गेली! आता नियम असा, की बेस चुकला तरी समोरच्यांनी अपील केल्याशिवाय अंपायरनं तोंड उघडायचं नाही. मी वाट पाहत उभा.

तेवढ्यात चेंडू आणायला गेलेले वसंतराव घामाघूम होऊन परतले, चेंडूसकट दुसऱ्या बेसवर बसले (उभे नव्हे, बसले!) आणि म्हणाले, "खलास!"

"आउट!" मी ओरडलो.

"कोण आउट?" वसंतराव दचकले.

"हातात चेंडू, बेसला स्पर्श. तुम्ही अपील केलंत."

"अहो, मी दमलो म्हणालो!"

"आजोबा, दॅट्स सो अनफेअर!" ही आमची नात.

बायको कमरेवर हात ठेवून समोर आली. "अहो, बाकीचे बेस जुन्या उशांचे, आणि हा तांदळाच्या पोत्याचा! अन्नाला पाय लावू?"

"आत वाळू आहे!"

"वर बासमती लिहिलंय! पोतं आणलं कुणी?"

(मीच.)

बरोबरी कायम राहिली म्हणून जादा डाव झाला, आणि त्यात शारजा हरली. आता कबूल करतो, वसंतराव नुसते दमलेत हे मला तेव्हाच कळलं होतं. बायकोची बाजू घेतली म्हणतील, या धास्तीनं मी ओरडलो. पण बेसला पाय लावायलाच हवा होता, हे आजही म्हणेन!

माफी? ती रोज ओठांपर्यंत येते. काल जेवताना सुरुवातही केली, "अगं, त्या दिवशी..."

"काय?" तिनं भात वाढता वाढता विचारलं.

"भात छान झालाय."

शेवटी, समोरून अपील आल्याशिवाय अंपायरनं तोंड उघडायचं नसतं. नियम म्हणजे नियम!