म्हशीखालचा चेंडू

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी गोल्फ खेळलेलं नव्हतं, आणि माझ्यानंतरही कुणी खेळायचं नाही असं आबांनी देवघरासमोर उभं राहून सांगून टाकलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य दूधदुभत्यात गेलेलं. आमच्या घरात गोल्फ शिरलं ते वैशालीमुळं. तिचे वडील फौजेतून मेजर म्हणून निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झालेले. आम्हा दोघांना लग्न करायचंय हे ऐकून ते एवढंच म्हणाले, "रविवारी मैदानावर ये. अडचणीत माणूस कसा वागतो, ते गोल्फमध्ये कळतं. मग बघू."

म्हणजे माझं लग्न एका चेंडूवर येऊन ठेपलं! मी आठवडाभर आमच्या रानात उसाच्या कांड्यानं लिंबं टोलवली.

आता, लग्नाचं बोलणं म्हटल्यावर पोराला एकट्याला पाठवायची आमच्याकडं रीत नाही. रविवारी मैदानापाशी आमची जीप थांबली आणि आतून आबा, आई, तात्याकाका, दोन आत्या आणि भाकऱ्यांचं गाठोडं उतरलं. मेजरसाहेबांनी विनवलं, "खेळताना फक्त शांतता ठेवा."

(शांतता! आणि तीही तात्याकाकांकडून, ज्यांनी उभी हयात कुस्तीच्या फडात ओरडण्यात घालवली!)

मी काठी उचलली मात्र, मागून आरोळी आली, "हाण की रं! लाव ताकद!"

मी ताकद लावली. चेंडू हिरवळ सोडून कडेच्या गवतात गेला. तिथं कुणाची तरी म्हैस चरत होती. तिनं चेंडूकडं बघितलं आणि ती सावकाश त्याच्यावर बसली.

"दुसरा चेंडू घेऊ का?" मी विचारलं.

"नाही," मेजरसाहेब म्हणाले. "पडला तिथूनच मारायचा. आयुष्यात कुठं दुसरा मिळतो?"

"मग म्हशीलाच उठवतो," म्हणत तात्याकाका निघाले.

"हात लावशील तर बघ!" आबा गरजले. "रवंथ कराय लागलीया. आत्ता उठवलीस तर सांजच्याला पान्हा चोरंल!"

"आवो दादा, पण म्हस आपली न्हाय की!"

"म्हणून काय झालं? म्हसच हाय न्हवं?"

मेजरसाहेबांनी निकाल दिला, "चेंडू ज्याचा, त्यानं तिथंच थांबायचं." मग मी उन्हात म्हशीपाशी, आणि बाकीचे झाडाखाली! आईनं गाठोडं सोडलं. "बसा की पावणं, ती काय इतक्यात उठत न्हाय," आबा म्हणाले. मेजरसाहेबांनी भाकरीवर खर्डा घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा खर्डा मागितला. इकडं म्हैस मान वळवून माझ्याकडं बघत होती.

अखेर ती उठली, तसे सगळे जवळ आले. मी डोळे मिटून काठी फिरवली. चेंडू जागेवरच राहिला. शेण तेवढं उडालं, ते थेट मेजरसाहेबांच्या पांढऱ्या पँटवर!

संपलं सगळं, असं वाटून मला रडूच फुटणार होतं. मेजरसाहेबांनी रुमालानं पँट पुसली आणि ते आबांना म्हणाले, "मुलगी दिली. इतका वेळ उन्हात उभा राहिला, पण तोंडातून ब्र काढला नाही. आमच्या वैशालीचा स्वभाव मला माहीत आहे. असाच जावई पाहिजे होता."

पुढं कित्येक रविवार आबा आणि मेजरसाहेब त्याच झाडाखाली खर्डा-भाकरी खात बसायचे. गोल्फ राहिलं बाजूला. आज दोघंही नाहीत. त्या वाटेनं गेलो की मला त्यांची फार आठवण येते.

माझ्या त्या संयमाचं कौतुक मात्र सासरी अजून चालू आहे. कसला संयम! दारात गोठा असूनही मी लहानपणापासून म्हशीला घाबरतो. त्या दिवशी मी ओरडणारच होतो, पण आवाजच फुटला नाही!