पिंजऱ्यासाठी मागितलेलं पिल्लू

मेंढपाळांनी कुत्र्याचं पिल्लू फुकट दिलं होतं. आमच्या कांदा काढलेल्या वावरात खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसल्या होत्या. निघताना त्यांच्यातल्या बाईनं ते माझ्या पदरात टाकलं आणि पैसे देऊ केले तर हात मागं घेतला. ह्या 'फुकट'वरनं सासूबाईंनी पुढं मला जे टोमणे मारले, त्याची काही गणतीच नाही.

पिल्लू हौसेसाठी नव्हतं हो आणलं. आमची वस्ती गावापासून लांब. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ओढा आणि वेड्या बाभळी. आधीच्या कुत्र्याला बिबट्यानं नेलं, सकाळी दारात पट्ट्यासकट साखळी तेवढी पडलेली. बिबट्याला आमच्याकडं वाघच म्हणतात. मालक सुप्याला कंपनीत कामाला, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरात मी, सासूबाई, दोन गाई आणि एक शेळी. कुत्रं भुंकलं तर कळणार उसात काय आहे ते, नाहीतर सगळा आंधळा कारभार. म्हणून पिल्लू.

ते जेमतेम रुळलं आणि ओकायला लागलं. मग जुलाब, मग जुलाबातून रक्त. वास असा की गाईसुद्धा तोंड फिरवायच्या. मी त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, स्कूटीवर पायापाशी ठेवलं आणि सुप्याला कुत्र्यांच्या डॉक्टरकडं नेलं. पार्वो आहे, सलाईन लावावं लागेल, रोज आणावं लागेल आणि एवढं करूनही वाचेलच असं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. खर्च किती ते ऐकल्यावर मला वाटलं, हा चुकून माणसाचा भाव सांगतोय की काय.

डेअरीकडनं दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. तो हातात आला तसा डॉक्टरच्या टेबलावर गेला. मग पेंडीचं पोतं आणायला पैसे उरले नाहीत. गाईंची पेंड कमी केली, तर दूध कमी झालं, म्हणजे पुढचा पगारही कमी. एवढंसं ते पिल्लू, पण सगळं घर ओढायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात माझ्या गुडघ्याचं औषध झालं असतं. बोलल्या त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

शेवटी मी डॉक्टरला सरळ सांगितलं की साहेब, माझ्याकडं एवढेच आहेत, ह्यात काय बसेल ते करा. माणूस चांगला होता. महागाची एक बाटली त्यानं वगळली, सलाईन आणि इंजेक्शन तेवढं ठेवलं. बाकी मीठ-साखरेचं पाणी सुई काढलेल्या सिरिंजनं घरीच पाजायला शिकवलं. गाईंची धार काढून झाली की मी ते थेंबथेंब त्याच्या गालात सोडत बसायचे. ते गिळायचं आणि माझ्याकडं बघायचं. लई वाईट वाटायचं.

दिवस मावळायला लागला की ते कण्हायचं. बारीक, चिरका आवाज, पार ओढ्यापर्यंत जायचा. सासूबाई त्याला घरात घेऊ देईनात, म्हणून गोठ्यात पोत्यावर ठेवलेलं. एका सकाळी शेण काढायला गेले तर गोठ्यामागं पाटाच्या चिखलात पंजे उमटलेले. गोठ्याला वळसा घालून ते कुडापाशी थांबले होते, जिथं आतल्या बाजूला पिल्लाचं पोतं होतं तिथंच.

त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरची कालवड गेली. वनखात्याची गाडी आली आणि ओढ्याच्या काठाला पिंजरा लागला. पिंजऱ्याला मागं जाळीचा वेगळा कप्पा असतो. त्यात काहीतरी जितं ठेवायचं, म्हणजे त्याच्या आवाजावर वाघ आत शिरतो. त्यासाठी जनावर आम्ही वस्तीवाल्यांनीच द्यायचं ठरलं. आता कोण देणार? शेळीची किंमत सगळ्यांना ठाऊक.

शेजारच्या वस्तीवर माझे चुलत दीर राहतात. ते आले, मागं जाऊबाई, कडेवर त्यांचं दुडदुडतं पोर. दीर खाली बसले, पिल्लाकडं बघत म्हणाले, "वहिनी, ते न्हाईतरी मरनारच हाय. रडतंय बी लांबवर ऐकू जाईल असं. पिंजऱ्यात ठिवू."

सासूबाई हो म्हणून मान हलवायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. दुधाचा पगार मी त्याला जगवायला घातला, वाघाला घालायला नाही, असं मी तोंडावर बोलले. त्यावर दीर म्हणाले, खर्च परवडत नाही म्हणून तुम्हीच तर रडत होता. तेही खरंच होतं. मी उठले, दावणीची शेळी सोडली आणि दोरी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

शेळी पिंजऱ्यात ओरडत राहिली. वाघ आला, पिंजऱ्याभोवती फिरला, त्याच्या पावलांनी तिथं नुसती वाट पडली, पण आत काही गेला नाही. शेळी परत आणली तेव्हा तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण ती कुणाला हात लावू देईना, चारा हुंगून सोडायची आणि दूध आटलं ते आटलंच. पिल्लाचा खर्च विचारलात तर मी ती शेळीही त्यात धरते.

आणि पिल्लू वाचलं. आधी ताक चाटलं, मग भाकरीचा काला खाल्ला. एका सकाळी उसाकडं तोंड करून चारी पाय रोवून ते भुंकलं. एवढा मोठा आवाज त्याच्यात होता हे मला माहीतच नव्हतं. मी धार टाकून रडले.

तो आवाज शेजारच्या वस्तीवरही गेला. दुपारी दीर आले, जाऊबाई आल्या. पिंजरा अजून रिकामाच होता. ह्या खेपेला दीर हळू आवाजात बोलले. "वहिनी, आता लई खनखनीत भुंकतंय. ह्याच्यावर येईल बगा वाघ."

मालक रात्रपाळी करून घरीच होते, मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, तू ठरव. म्हणजे उद्या काही झालं तर पाप माझ्या एकटीच्या माथ्यावर.

जाऊबाई आजवर माझ्यापुढं चढ्या आवाजात कधी बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही. पोराला ह्या कडेवरनं त्या कडेवर घेत म्हणाल्या, "ताई, माजं लेकरू अंगनात खेळतं ओ."

पोरगं पिल्लाकडं हात करून हसत होतं. पिल्लू शेपटी हलवत त्याच्या पायाकडं उड्या मारत होतं. मी पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि नाही म्हणाले. ते दोघं पोराला घेऊन माघारी गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

वाघ सापडलेला नाही. तिन्हीसांजेला पिल्लू उसाकडं बघून भुंकतं आणि मधेच एकाएकी गप होऊन माझ्या पायात शिरतं. तेव्हा मी चुलीपाशी हात थांबवून शेजारच्या वस्तीकडं कान देते. त्या पोराचा आवाज येईपर्यंत, रडण्याचा का होईना, माझ्या हातून भाकरी थापली जात नाही.