काही लावलं नाही, ताई

परंड्यातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात मी लॅब सांभाळते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सूक्ष्मदर्शकात बघताना दुसरा डोळाही उघडा ठेवायचा, हे ज्या सरांनी शिकवलं त्यांची आठवण अजून रोज येते.

सोनारीकडची एक बाई तिच्या आईबरोबर आली होती. कमरेभोवती, मांड्यांवर चट्टे. वर्ष उलटलं तरी जात नव्हते. सासूनं महारोग ठरवून तिला माहेरी धाडलं होतं आणि तिचा लहान मुलगा ठेवून घेतला होता. रोग दुसराच आहे असं कळलं, तरच पोर मिळणार होतं. मेडिकलमधल्या ट्यूबांनी चट्ट्यांचं रूप इतकं बदललं होतं की डॉक्टरांनी बुरशी आहे का हे बघायला नमुना तपासायला सांगितला.

मी बोथट पात्यानं चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडला, काचेवर घेतला, वर औषधाचा थेंब टाकला. थोडं थांबून पाहिलं. नुसत्या कातडीच्या पेशी. बुरशीचा एक धागा नाही.

"काही लावलंय का?"

"सकाळीच साबणानं घासून ट्यूब लावली की," तिची आई म्हणाली. "डाक्टरपुढं तसलं अंग न्यायचं व्हय?"

इकडं बहुतेकजण असंच करतात. पाहुण्यांकडं निघाल्यासारखे स्वच्छ होऊन येतात, आणि आम्हाला जे बघायचं असतं तेच धुऊन येतात.

डॉक्टरांनी पंधरा दिवस काहीही न लावता परत यायला सांगितलं.

"तवर पोरगं मला विसरंल की, ताई," ती म्हणाली.

परत आली तेव्हा चट्टे पोटावर चढले होते. खाजवून खाजवून रक्त आलं होतं. काचेवर मात्र फांद्या फुटलेले धागे स्पष्ट पसरले होते.

"बुरशी आहे! महारोग नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. ती रडली. मग हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्या कमरेला बी असलंच हाय. आधी त्यांनाच झालतं."

"मग त्यांनाही आणा. त्यांनी औषध घेतलं नाही, तर तुम्हाला पुन्हा होईल."

"बाप्या माणूस तिथलं दाखवतोय व्हय?" आई म्हणाली.

पावसाळा सरता सरता ती पुन्हा आली. कडेवर मुलगा होता. त्याच्या गालावर लाल कडेचा गोल चट्टा. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून कंबर खाजवत होता. आत आलाच नाही.

मी पातं उचललं. तिनं मुलाचं डोकं छातीशी घट्ट धरलं.

"काय बी लावलं न्हाय, ताई," ती म्हणाली. "तोंड सुदिक धुतलं न्हाय त्याचं."