‘कामाची यंत्रं’ हा कार्यक्रम कुणाचा

पेणच्या बाजारात अजूनही कुणीतरी मला थांबवून म्हणतं, "सर, केबलवरचा तुमचा तो यंत्रांचा कार्यक्रम काय मस्त होता." मी हसून पुढे जातो. आता वय झालं, म्हणून खरं सांगून टाकतो. कार्यक्रम माझा नव्हता, माझ्या मित्राचा होता.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. पेणला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मित्र राहायला वरसे गावात आणि नोकरीला रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, स्टोअरमध्ये. तिथे नवा कॉम्प्युटर आला आणि सगळे त्याच्यापासून लांब बसू लागले. साहेबाची पाठ वळली की कुणीतरी त्याच्यावर टॉवेल टाकायचं.

मित्र म्हणाला, "माणसं घाबरतात, कारण त्यांना कुणी नीट दाखवतच नाय. आपण टीव्हीवर दाखवू. कामाच्या जागी काय काय नवीन आलंय ते."

"तुला कोण घेणार टीव्हीवर?"

"मला नाय, तुला. तुझं तोंड मास्तरासारखं हाय."

पेण आणि रोहा, दोन्हीकडे केबल टाकलेल्या माणसाला त्यानेच पटवलं. रविवारी सकाळी पिक्चरच्या आधी आमची कॅसेट लागायची. लोकांनी तक्रार केली तर बंद, एवढीच अट. कॅमेरावाला लग्नं शूट करणारा. धरमतरच्या जेट्टीजवळचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा त्याने सवयीने बदामाच्या चौकटीत बसवला. काट्यावरचा ट्रक नवरदेवासारखा दिसत होता. मित्र हसून हसून खाली बसला.

पुढचा भाग पेणमध्ये, गणपतीच्या कारखान्यात केला. एका म्हाताऱ्या मूर्तिकाराने रंगासाठी कॉम्प्रेसर आणि फवारा घेतला होता. मी कॅमेऱ्याकडे बघून छापील मराठीत बोललो, "आता मूर्तीचे सगळे रंगकाम हे यंत्रच करते."

'सगळे' म्हणायची काही गरज नव्हती.

आमच्याकडे पुष्कळ घरं आपला पाट आधीच कारखान्यात नेऊन ठेवतात. त्या पाटावर आपला गणपती घरी आणायचा. हा भाग लागला त्या रविवारी दुपारीच रोह्याचं एक कुटुंब कारखान्यात हजर झालं. "आमचा पाट द्या. मशीनने डोळे काढलेला गणपती आम्हाला नको." दुसऱ्या दिवशी आणखी काही जण आले. मूर्तिकार इन्स्टिट्यूटमध्ये येऊन मला म्हणाला, "मास्तर, तुमी पावणे म्हणून आलाव, नि माझे पाट चालले."

मी मित्राला फोन करून सांगितलं, कार्यक्रम बंद करू.

"बंद कशाला? तू चुकलास, कार्यक्रम नाय चुकला."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कॅमेरावाल्याला घेऊन पेणला आला. मी तोंड लपवून इन्स्टिट्यूटमध्येच बसलो. तो मूर्तिकाराच्या शेजारी, पण कॅमेऱ्याबाहेर मांडी घालून बसला आणि विचारू लागला.

"बाबा, या फवाऱ्याने डोळे होतील?"

"होतील की. आंधळे."

"मग घेतलाव कशाला?"

"आधी अंगाचा रंग मारूनच हात भरून यायचा. मग डोळ्याला थरथरायचा. आता अंग मशीन मारते. हात डोळ्यांसाठी राखलाय."

एवढं बोलून म्हाताऱ्याने बारीक कुंचला उचलला आणि डोळे आखले. डोळा पुरा होईपर्यंत कॅमेरा तिथेच राहिला. लग्नवाल्याने या वेळी बदाम लावला नाही.

तो भाग केबलवाल्याने आठवडाभर लावला. पाट परत आले, नवीनही आले. मित्राच्या स्टोअरमधल्या एकाने टॉवेल काढून कॉम्प्युटरला हात लावला. "आता हात कशासाठी राखायचा?" त्याने विचारलं. मित्र म्हणाला, "चहासाठी."

पण त्या भागात मित्राचा फक्त आवाज होता. पडद्यावर नाव माझं, कारण आधीच्या भागांच्याच नावांच्या पाट्या जोडल्या होत्या. पुढे एका मंडळाने माझा सत्कार केला. निवेदक म्हणाला, कल्पना सरांची आणि गैरसमज दूर केला तोही सरांनीच. माइक माझ्या हातात आला. मित्र समोरच बसला होता. मी म्हणालो, "सर्वांचे आभार." सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या.

परतताना वडखळला चहा प्यायलो. तो म्हणाला, "सर्वांचे आभार मानलेस. त्यात मी कुठे बसलो होतो रे?" आणि हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

परवा वरशाला त्याच्या घरी गेलो आणि हे सगळं लिहितोय म्हणून सांगितलं.

"आता? आता तो केबलवालापण राहिला नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "लिहितोस तर लिही. डोळ्यांचा भाग माझा होता. बाकीचे तुझे राहू देत, कंटाळवाणे होते."

तर लिहितो. डोळ्यांचा भाग त्याचा होता. बाकीचेही त्याचेच होते. कंटाळवाणेपणा तेवढा माझा.