दोघी जावांत एक कॉम्प्युटर

आम्ही दोघी जावा समुद्राच्या तळाशी जाऊन येतो, हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग किस्से मागतात. किस्से आमच्याकडे ढिगाने! पाण्याखाली बोलता येत नाही ना. सगळं आत साठतं आणि वर आलं की फुटतं.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. गिरीजची आमची केळीची वाडी त्याच चालवतात. मी शिल्पा, नायगावच्या टॉवरमधून या घरात आले, नोकरी अंधेरीला. घरात चूल एक, स्कूटर एक, मिक्सर एक. सासूबाईंना याचा भारी अभिमान. "आमच्यात अजून कशाची वाटनी झाली नाय!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

मग डाइव्ह कॉम्प्युटर तरी दोन कशाला?

*

हा कॉम्प्युटर मनगटावर बांधायचा. तुम्ही किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, त्यावरून अंगात किती नायट्रोजन साठला ते तो बघतो आणि अजून किती वेळ थांबता येईल ते सांगतो. त्याचं ऐकलं नाही तर वर आल्यावर सांधे धरतात, कधी जिवावरही बेतू शकतं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा दोघींत चालत नाही. प्रत्येकीला आपापला लागतो."

वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे नवरे सोडले तर सगळं दोघींत चालतं!"

बिचाऱ्याने गुपचूप एकच पॅक करून दिला.

*

मालवणला पहिल्याच दिवशी मला बोट लागली. सकाळी वहिनी कॉम्प्युटर बांधून खाली गेल्या, मी बोटीत लिंबू चोखत बसले. दुपारी पोट सावरलं, तसा तोच कॉम्प्युटर बांधून मी उतरले. जरा कुठे मासे दिसायला लागले, तर हा पठ्ठ्या म्हणतो, वेळ संपत आली, चल वर!

आमचे डाइव्हिंगचे सर वैतागले. "सिलिंडरमध्ये एवढी हवा असताना वर का आलात?"

काय सांगणार? कॉम्प्युटरच्या लेखी सकाळीही मीच खाली गेले होते. नायट्रोजन वहिनींचा आणि शिक्षा मला! वहिनी बोटीत पोट धरून हसत होत्या.

*

पुढच्या वर्षीचा किस्सा मात्र हसण्यासारखा नव्हता.

किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात एक खडक आहे. तो बघायचा म्हणूनच तर वहिनी मुळात चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकल्या होत्या. पूलवर पोरं हसली, तरी हटल्या नाहीत. त्या दिवशी पहिली डाइव्ह दुसऱ्या जागी होती आणि दुसरी त्या खडकावर.

पहिल्या डाइव्हला कॉम्प्युटर माझ्या हातावर होता. वहिनींना ऑक्टोपस दिसला आणि त्या माझ्या बऱ्याच खाली गेल्या. त्यांना बोलवायला मी पाठीवरचा सिलिंडर ठोकून ठोकून दमले!

बोटीत सरांनी विचारलं, "वहिनी, किती खोल गेला होतात?"

"शिल्पा गेली तेवढंच."

"मी बघितलंय. तुम्ही तिच्या खूप खाली होतात, आणि त्याची नोंद कुठेच नाही. आता खडकावर फक्त शिल्पा येईल."

सर पुढे गेले तशा वहिनी माझ्या कानाशी आल्या. "तो कॉम्प्युटर मला दे. सरांना सांग, मघाशी माझ्याच हातावर होता. ते मागे होते, त्यांना काय दिसतंय!" आणि थेट माझ्या मनगटाला हात घातला.

लग्न झाल्यापासून मी वहिनींना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. पण या वेळी मी मनगट छातीशी धरलं. "नाही देणार! तुम्हाला काही झालं तर मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा मग एकटी," म्हणाल्या.

मीही गेले नाही. दोघी पाठ फिरवून बसलो. गाडीत घराजवळची चिंचोटी येईपर्यंत शब्द नाही. चिंचोटीला वहिनींनी गाडी थांबवायला लावली. "चहा घेणार का? तो मात्र आपापला!"

*

दुसऱ्याच आठवड्यात वहिनींनी स्वतःचा कॉम्प्युटर आणला. ओटीवर दोन मनगटांवर दोन कॉम्प्युटर बघून सासूबाईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे वाटनी झाली म्हनायची?"

"तसं नाही हो आई," मी म्हटलं. "वहिनींच्या अंगात काय चाललंय ते माझ्या हातावर बघून कसं कळणार? दोघी एकाच पाण्यात असलो तरी अंग वेगळं. एकीचं मोजून दुसरीला नाही चालत. जिवाशी खेळ आहे तो."

 सासूबाई उठल्या, फळीवरचं बीपीचं मशीन काढलं आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"एक इचारू? मी रोज सकाळी माझं बीपी मोजते. वर असलं तर ह्यांना नि मला अख्खी अख्खी गोळी, खाली असलं तर अर्धी अर्धी. ते चालतं ना?"

झोपाळ्यावर मामंजी पेपर वाचत होते. झोपाळा थांबला.