‘पटकन सांग’ म्हणणाऱ्यांना

“मावशी, तुम्हाला रिफंड? अहो, टॅक्स भरायला आधी पगार लागतो!”

खराडीतल्या आयटी कंपनीची पँट्री. मी कप धूत होते. अकाउंट्सचे सर माझा मोबाइल उंच धरून मेसेज सगळ्यांना वाचून दाखवत होते. ‘आपला आयकर परतावा मंजूर. खालील लिंक दाबा.’ लिंक दाबली, खात्यातले पैसे गेले, आता काय करू, एवढंच विचारायला मी त्यांच्याकडे गेले होते. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं फिदीफिदी हसली. माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते ते. आणि ह्यांना हसू फुटत होतं.

टॅक्स माझाही कापतात. आम्हाला इथं साफसफाईला लावणाऱ्या कंत्राटदाराच्या कागदावर आम्ही कामगार नाहीच, प्रत्येक बाई म्हणे एक छोटी ठेकेदार! म्हणून दर महिन्याला कर कापायचा. तो परत मिळवायला रिटर्न भरावा लागतो. ते काम कंत्राटदाराचा माणूस करतो. सगळ्या बायकांची पॅन कार्डं, पासवर्ड त्याच्याकडे. जुलै आला की त्याचा फोन. “ओटीपी आलाय, पटकन सांग. तुला काय कळतंय त्यातलं?” आम्ही सांगतो. वर्षानुवर्षं सांगत आलो.

ह्या जुलैत लिंक दाबून कार्डाचा नंबर भरला आणि लगेच फोन आला. “इन्कम टॅक्समधून बोलतोय. ओटीपी सांग पटकन. अडाणी कुठली!” मला शंका आली नाही. उलट खात्रीच पटली. गोड बोलला असता तर मी सावध झाले असते. माझ्याशी गोड बोलतं कोण?

हे सगळं मला त्या हसण्यात उभ्या उभ्या कळलं. चोरानं नवीन काही केलं नव्हतं. ह्यांचाच आवाज उचलला होता. डोकं तापलं माझं. सरांच्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

“पोलिसांत जाते.”

“हाफ डे लागेल.”

“लावा.”

जिन्यातूनच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग चौकीत गेले. हवालदारानं वर न बघता विचारलं, “ओटीपी देताना अक्कल कुठं गेली होती?”

“अक्कल नंतर काढा, साहेब. आधी तक्रार लिहा.”

मी तिथून हलले नाही. लिहिली त्यानं. मी निघताना म्हणाला, खरा परतावा आपोआप खात्यात येतो, त्यासाठी इन्कम टॅक्सवाले फोनवर ओटीपी मागत नाहीत, कार्डाचा नंबर तर नाहीच नाही. दोन वाक्यं. कॉम्प्युटरांनी भरलेल्या त्या बिल्डिंगीत इतकी वर्षं लाद्या पुसल्या, ही दोन वाक्यं मला कुणी सांगितली नाहीत.

थोडे पैसे बँकेनं अडवले. बाकीचे गेले. मुलीचा प्रवेश यंदा हुकला. ती रडली, मीही रडले. मग दोघींनी बसून इन्कम टॅक्सच्या साइटवरचा माझा पासवर्ड बदलला.

पंधरा दिवसांनी कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. मी पँट्रीतच होते. सर चहाला उभे होते.

“ओटीपी सांग पटकन.”

“नाही सांगणार.”

“डोकं फिरलंय का तुझं? रिफंड बुडेल.”

“रिटर्न मी भरणार. आणि बाकीच्या बायकांनाही सांगितलंय. कुणी देणार नाही.”

त्यानं शिवी हासडली. मी फोन ठेवला नाही. शांतपणे त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्यानंच ठेवला.

आता असंच. चोर असो नाहीतर साहेब, ‘पटकन’ म्हणाला की मी थांबणार. नाव विचारणार. पटलं नाही तर तक्रार करणार, मग हाफ डे जावो नाहीतर नोकरी.

सरांनी टेबलावर टिचकी मारली. “मावशी, चहा. पटकन.”

“थांबा,” मी म्हटलं.